पूलचे पाणी: किती काढायचे, कधी काढायचे आणि कुठून भरायचे

शाळांना सुट्ट्या लागल्या की उपनगरांतल्या सोसायट्यांच्या स्विमिंग पूलवर गर्दी होते, आणि मेच्या मध्यापर्यंत तक्रारीही सुरू होतात. डोळे चुरचुरतात, पाणी धुरकट दिसते, टाइल्सच्या कडेला पांढरा खरखरीत थर धरतो. कमिटीच्या बैठकीत कोणीतरी म्हणते, पाणी जुने झाले, सगळे काढून नवे भरा. पूलची देखभाल करणाऱ्या एजन्सीलाही ते सोपे वाटते. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत कितीतरी सोसायट्यांत दर उन्हाळ्यात असेच घडते. असा ठराव हात वर करून मंजूर करण्याआधी थोडे थांबावे, म्हणून हा लेख. पाणी बदलणे हा फार थोड्या दुखण्यांवरचा इलाज आहे. तो लागलाच तरी बहुतेक वेळा पाण्याचा काही भाग बदलून भागते. आणि त्यासाठी लागणारे उत्तम पाणी मुंबईत जूनपासून आकाशातून पडते.

पाणी हिरवे झाले, म्हणजे क्लोरीन कमी पडून शेवाळ आले. ते क्लोरीन वाढवून, भिंती घासून आणि फिल्टर जास्त तास चालवून जाते. पाणी गढूळ असेल तर बहुधा फिल्टरमधली वाळू जुनी झालेली असते, नाहीतर बॅकवॉश वेळेवर होत नाही. डोळे झोंबतात आणि ‘क्लोरीनचा वास’ येतो, तेव्हा लोकांना क्लोरीन जास्त झाल्यासारखे वाटते. तो वास घाम आणि लघवीशी संयोग झालेल्या क्लोरीनचा असतो. त्यावर उपाय एकदा भरपूर क्लोरीन देऊन तो संयोग तोडणे हा आहे, आणि पोहण्याआधी प्रत्येकाने साबण लावून आंघोळ करणे हा. पीएच वर गेला किंवा अल्कलिनिटी वाढली, तर मोजून घातलेल्या ॲसिडने खाली येते. यातल्या कशासाठीही हजारो लिटर पाणी सोडून द्यायची गरज नाही.

पाणी काढल्याशिवाय कमी होत नाहीत अशा गोष्टी मोजक्याच आहेत: कॅल्शियमचा कठीणपणा, एकूण विरघळलेले क्षार म्हणजे टीडीएस, आणि सायन्युरिक ॲसिड, ज्याला पूलवाले स्टॅबिलायझर म्हणतात. वर्षानुवर्षे मोरचूद टाकले असेल तर तांबेही त्यात धरा. पूलचे पाणी उडून जाते तेव्हा केवळ पाणी उडते, क्षार पूलमध्येच राहतात. आमटी उकळून आटली की खारट होते, तसेच हे आहे.

एक ठरावीक पूल धरून हिशेब करू. लांबी १२ मीटर, रुंदी ६ मीटर, सरासरी खोली १.२ मीटर. त्यात ८६,४०० लिटर पाणी मावते. पातळी १० सेंटिमीटर उतरली, म्हणजे ७,२०० लिटर गेले. उन्हाळ्याच्या एका महिन्यात बाष्पीभवनाने १५ सेंटिमीटर पाणी गेले असे धरा. ते १०,८०० लिटर होते, म्हणजे १० हजार लिटरच्या टँकरपेक्षा थोडे जास्त. हे पाणी ५०० पीपीएम कठीणपणाच्या बोअरवेलमधून आणून भरले, तर महिन्याला सुमारे ५.४ किलो कठीणपणा पूलमध्ये पडतो आणि पूलचा आकडा ६० पीपीएमने चढतो. (पीपीएम म्हणजे लिटरला मिलिग्रॅम.) चार-पाच महिन्यांत चांगला पूल पांढरा थर धरायला लागतो तो असा. ब्लीचिंग पावडर किंवा कॅल्शियम हायपोक्लोराइट वापरत असाल, तर त्याचे कॅल्शियम वेगळे.

स्टॅबिलायझरची गोष्ट जास्त गंभीर आहे, कारण ती डोळ्यांना दिसत नाही. बाजारात ‘टीसीसीए ९०’ नावाने मिळणारी पावडर आणि गोळ्या क्लोरीनसोबत सायन्युरिक ॲसिडही पाण्यात सोडतात. उन्हात क्लोरीन टिकवायला ते थोडे उपयोगी पडते. उघड्या पूलसाठी ३० ते ५० पीपीएम पुरेसे. पण १ किलो टीसीसीएतून सुमारे ५५५ ग्रॅम सायन्युरिक ॲसिड निघते. आपल्या ८६,४०० लिटरच्या पूलमध्ये दर किलोमागे ते साडेसहा पीपीएमच्या आसपास वाढते, आणि दहा किलो संपेपर्यंत ६४ पीपीएम. क्लोरीन खर्च होऊन जाते. स्टॅबिलायझर साचत राहतो. तो जितका जास्त, तितके क्लोरीनचे जंतू मारण्याचे काम मंदावते. ढोबळ हिशेब असा, की स्टॅबिलायझरच्या साडेसात टक्के तरी मुक्त क्लोरीन पाण्यात हवे. स्टॅबिलायझर १२० असेल तर क्लोरीन ९ पीपीएम लागेल. आपल्याकडे १ ते ३ पीपीएम ठेवायची सवय आहे. वहीत क्लोरीनचा आकडा बरोबर दिसतो, आणि पाणी मात्र असुरक्षित असते.

लहान मुलांच्या पूलबाबत इथे हयगय नको. एखाद्या मुलाला पाण्यात जुलाब झाले, तर अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य संस्थेच्या सूचनेप्रमाणे पूल बंद करून क्लोरीन २० पीपीएमवर न्यावे लागते. स्टॅबिलायझर १५ पीपीएमपर्यंत असेल तर ते पावणेतेरा तास टिकवायचे. त्याच्या वर असेल तर २८ तास. छताखालच्या किंवा वरच्या मजल्याच्या सावलीतल्या पूलवर ऊन पडतच नाही. तिथे स्टॅबिलायझरचे काही कामच नाही. एजन्सी अशा पूलमध्येही टीसीसीए टाकत असेल, तर ते आजच थांबवून द्रव सोडियम हायपोक्लोराइट वापरायला सांगा. त्यानेही मीठ वाढते, पण क्लोरीनचे हात बांधले जात नाहीत.

यासाठी मोजणी हवी, आणि ती नीट हवी. पाणी पिवळे करून दाखवणारे जुने किट एकूण क्लोरीन दाखवते. मुक्त किती आणि संयोग झालेले किती ते सांगत नाही. गुलाबी रंग देणारे डीपीडी किट घ्या. खिशात मावणारा टीडीएस मीटर स्वस्त मिळतो आणि सोसायटीकडे असायलाच हवा, पण त्याच्या आकड्यावरून कठीणपणा किंवा स्टॅबिलायझर कळत नाही. त्या दोन्हींच्या चाचण्या वेगळ्या आहेत. स्टॅबिलायझरच्या चाचणीत पाणी दुधाळ होते आणि नळीच्या तळाचा काळा ठिपका दिसेनासा झाला की आकडा वाचतात. आकडा १०० च्या वर जातोय असे दिसले, तर नमुन्यात तितकेच नळाचे पाणी मिसळून पुन्हा चाचणी करा आणि उत्तर दुप्पट धरा. नमुना पृष्ठभागावरून घेऊ नका. कोपरापर्यंत हात बुडवून, पाणी आत येते त्या तोटीपासून लांब घ्या. वर्षातून एकदा एनएबीएल मान्यतेच्या प्रयोगशाळेत नमुना पाठवला, तर घरच्या किटचीही पारख होते.

किती पाणी बदलायचे, ते एका भागाकारात कळते. पूलमधल्या आकड्यातून हवा तो आकडा वजा करा. मग पूलमधल्या आकड्यातून भरायच्या पाण्याचा आकडा वजा करा. पहिल्या उत्तराला दुसऱ्याने भागले, की पूलचा किती हिस्सा बदलायचा ते मिळते. समजा कठीणपणा ७०० आहे आणि ४०० वर आणायचा आहे. भरायचे पाणी ५० पीपीएमचे असेल, तर ३०० भागिले ६५०, म्हणजे ४६ टक्के. आपल्या पूलमध्ये ते सुमारे ४०,००० लिटर होते, किंवा पातळीत ५५ सेंटिमीटर. भरायला टँकरचे ५०० पीपीएमचे पाणी असेल, तर सगळा पूल बदलला तरी ४०० गाठता येणार नाही. हा भागाकार न करता पाणी सोडणाऱ्या सोसायट्या पैसे घालवून मूळच्या दुखण्यालाच खतपाणी घालतात.

काढण्याच्या पद्धतीनेही फरक पडतो. स्टॅबिलायझर १२० वरून ४० वर आणायचा, तर एकदाच दोन-तृतीयांश पाणी काढून भरले की काम होते. तेच तीन वेळा एक-तृतीयांश काढले, तर एकूण अख्ख्या पूलइतके पाणी लागते आणि आकडा ३६ च्या आसपास येतो. एका टोकाने पाणी सोडत दुसऱ्या टोकाने भरत राहिलात, तर नव्या पाण्यातलेही काही वाहून जाते आणि पूलच्या ११० टक्के पाणी लागते. म्हणून आधी काढा, मग भरा. एकावेळी किती काढता येईल हे मात्र बांधकामावर ठरते. त्याकडे पुढे येऊ.

४०,००० लिटर म्हणजे किती, हेही ठराव करताना सगळ्यांसमोर असू द्या. माणशी दिवसाला १३५ लिटर या घरगुती मापाने ते जवळपास ३०० माणसांचे एका दिवसाचे पाणी आहे. ३० मे २०२४ पासून मुंबईत पाच टक्के आणि ५ जूनपासून दहा टक्के पाणीकपात होती. अशा दिवसांत महापालिकेच्या पाण्याने पूल भरणे मला पटत नाही, परवानगी असली तरी. भातसा, तानसा, मोडकसागर, वैतरणा, विहार आणि तुळशीचे पाणी मऊ असते, पूलसाठी गुणाने उत्तमच. पण ते आधी स्वयंपाकघरांचे आहे. तुमच्या जोडणीवरून पूल भरता येतो का, हे वॉर्ड कार्यालयातल्या जल खात्याकडून लेखी विचारून घ्या.

राहिला टँकर. पाण्याचा टँकर आला की वाळवलेल्या बाटलीत नमुना घेऊन कठीणपणा मोजा, मगच नळी पूलमध्ये सोडू द्या. खाडीजवळच्या विहिरींचे पाणी खारट असते, आणि बेसॉल्टमधल्या बोअरवेलचे बरेचदा कठीण. एकाच पुरवठादाराचे दोन टँकर वेगवेगळ्या विहिरींचे असू शकतात. आणखी एक खबरदारी. एप्रिल २०२५ मध्ये मुंबईतल्या टँकरवाल्यांनी भूजलाच्या नव्या नियमांवरून संप केला होता. अर्धा रिकामा पूल आणि पाणी नाही, अशी पाळी कोणत्याही सोसायटीवर येऊ शकते. भरायचे पाणी नक्की ठरल्याशिवाय काढायचा व्हॉल्व्ह उघडू नका.

आता पावसाविषयी. सांताक्रूझच्या वेधशाळेत जून ते सप्टेंबरमध्ये सरासरी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. एकट्या जुलैत ८०० च्या वर. आपल्या पूलची सरासरी खोली १२०० मिलिमीटर आहे. म्हणजे उघड्या पूलवर एका पावसाळ्यात त्याच्या खोलीहून कितीतरी जास्त पाणी पडते, आणि त्यात कॅल्शियम नसते, स्टॅबिलायझर नसतो, मीठ जवळजवळ नसते. आपण ते काठावरून गटारात जाऊ देतो. पूल आधीच काठोकाठ भरलेला असला, तर पावसाचे पाणी वरच्या वर तरंगून निघून जाते आणि खालचे जुने पाणी तसेच राहते.

म्हणून वेळ साधा. मुंबईत मोसमी पाऊस साधारण ११ जूनच्या सुमारास येतो. २०२५ मध्ये तो २६ मे रोजीच आला, तेव्हा तारखेपेक्षा हवामान खात्याच्या अंदाजावर नजर ठेवा. पहिल्या दोन-तीन सरी हवेतली धूळ आणि बांधकामांची भुकटी घेऊन पडतात, त्या जाऊ द्या. नंतर जोरदार पावसाचा अंदाज असेल त्याच्या आदल्या दिवशी पातळी २० सेंटिमीटर उतरवा. दोनशे मिलिमीटर पाऊस झाला की पूल पुन्हा भरतो आणि जुन्यातला सहावा हिस्सा बदललेला असतो. पंप चालवून पाणी नीट मिसळू द्या आणि पुन्हा तेच करा. तीन फेऱ्यांत ७०० चा कठीणपणा ४०५ वर येतो आणि १२० चा स्टॅबिलायझर ७० च्या आसपास. चौथ्या फेरीत तो ६० च्या खाली जातो. एकही टँकर न मागवता. गच्चीवरचे पाणी साठवणारी पर्जन्यजल टाकी असेल, तर पहिला धुवा बाहेर सोडून तिचेही पाणी घ्या. पोडियमवरून वाहत येणारे मातकट पाणी मात्र पूलमध्ये येऊ देऊ नका. कडेची जाळी आधी साफ करून घ्या.

या दिवसांत दुर्लक्ष अजिबात चालत नाही. पावसाने क्लोरीन पातळ होते, म्हणून ते रोज मोजायचे आणि फिल्टर रोज चालवायचा. साचून राहिलेल्या स्वच्छ पाण्यात मलेरिया आणि डेंग्यूचे डास अंडी घालतात. महापालिकेच्या कीटकनाशक विभागाची तपासणी ही तुमच्याच मुलांच्या जिवासाठी असते.

ज्यांना पावसाची वाट पाहता येणार नाही किंवा ज्यांचा पूल छताखाली आहे, त्यांना एकदम पाणी काढावे लागेल. आधी पूल कुठे बसला आहे ते पाहा. पोडियमवरच्या किंवा गच्चीवरच्या पूलखाली भूजल नसते, त्यामुळे तो उचलला जायची भीती नाही. गोराईच्या किंवा जुहूच्या बाजूला बंगल्याच्या आवारात जमिनीत बांधलेल्या पूलचे तसे नाही. पावसाळ्यात तिथे जमिनीतले पाणी वर येते. पूल रिकामा असेल तर ते पाणी तळाला खालून दाबते. तळ फुगतो, टाइल्स सुटतात, कधी अख्खा सांगाडा वर उचलला जातो. जमिनीतल्या पूलमधून पावसाळ्यात एक-तृतीयांशाहून जास्त पाणी एकावेळी काढू नका, आणि जास्त काढायचे असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा. हे एप्रिल-मेमध्ये करणे बरे, पण तेव्हा उघड्या पडलेल्या टाइल्सना दुपारचे ऊन लागते आणि सांध्यातले सिमेंट तडकते. म्हणून संध्याकाळी काढायला सुरुवात करा आणि भरायचे पाणी पहाटेपर्यंत तयार ठेवा.

काढण्याच्या दोन-तीन दिवस आधी क्लोरीन घालणे थांबवा आणि पूल पोहणाऱ्यांसाठी बंद ठेवा. ऊन लागणाऱ्या पूलमध्ये मुक्त क्लोरीन उतरत जाते. स्टॅबिलायझर जास्त असेल तर वेळ लागतो. घाई असेल तर सोडियम थायोसल्फेट मोजून घालावे. फिल्टरच्या मल्टिपोर्ट व्हॉल्व्हवर ‘वेस्ट’ अशी जागा असते. पंप बंद करून दांडा तिथे आणा, मग पंप सुरू करा. पंप चालू असताना दांडा कधीही फिरवू नका. ओव्हरफ्लो प्रकारच्या पूलमध्ये पातळी उतरली की काठावरून पाणी पडणे थांबते आणि बॅलन्सिंग टँक रिकामा होतो. तिकडचा व्हॉल्व्ह बंद करून फक्त तळाच्या जाळीतून ओढा, नाहीतर पंपात हवा शिरते. पाण्याखालचे दिवे आधीच बंद करा. ते पाण्यानेच थंड राहतात. तळाच्या जाळीतून पंप पाणी ओढत असताना कोणीही पाण्यात नको, विशेषतः मुले. त्या ओढीने केस किंवा हात अडकून जीव गेले आहेत. फाटकाला कुलूप, आणि पातळी कमी आहे असा ठळक फलक. नेहमीच्या सवयीने उडी मारणारा एखादा असतोच.

काढलेले पाणी कुठे जाणार, हे बैठकीतच ठरवा. पावसाळी गटारे उपनगरांत नदी-नाल्यांना मिळतात: बोरिवलीकडून पोयसर आणि दहिसर, अंधेरीकडून ओशिवरा आणि मिठी, तर मुलुंड-घाटकोपरचे नाले ठाणे खाडीत, जिथे फ्लेमिंगो उतरतात. क्लोरीन असलेले पाणी तिथे सोडणे चूक आहे. इमारतीला फ्लशिंगची वेगळी टाकी असेल, तर क्लोरीन उतरलेले पाणी तिच्यात घेणे हा सर्वांत चांगला उपयोग. चाळीस हजार लिटर हळूहळू शौचालयांतच संपतील आणि तितके पाणी वाचेल. पोडियम धुणे, गाड्या धुणे यालाही चालते. बागेला देताना जपा. क्षार जास्त असलेले पाणी कुंड्यांतल्या झाडांना सोसत नाही. इमारतीत सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प असेल, तर त्यात सगळे पाणी एकदम सोडू नका. त्यातले उपयोगी जिवाणू मरतात आणि प्रकल्प रुळावर यायला आठवडे जातात.

भरून झाल्यावर आठ तास फिल्टर चालवा आणि मगच मोजा. मऊ पाणी भरले की अल्कलिनिटी खाली येते आणि पीएच डगमगू लागतो. ती ८० ते १२० च्या दरम्यान आणायला खाण्याचा सोडा चालतो. आपल्या पूलमध्ये १० पीपीएम वाढवायला सुमारे १ किलो ४५० ग्रॅम. ती जमली की पीएच ७.४ ते ७.६ वर आणा. कठीणपणा २०० च्या बराच खाली गेला, तर पाणी टाइल्सच्या सांध्यांतले सिमेंट खायला लागते. म्हणून पावसाच्या फेऱ्या मोजून थांबवायच्या, आणि गरज पडली तर कॅल्शियम क्लोराइड घालायचे. क्लोरीन शेवटी. ॲसिड नेहमी पाण्यात ओतावे, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. ॲसिड आणि क्लोरीनचा मग एक नको. विषारी वायू निघतो. टीसीसीए आणि ब्लीचिंग पावडर एका डब्यात किंवा एका चमच्यानेही एकत्र येऊ देऊ नका. स्फोट होऊ शकतो. साठवणीच्या खोलीत दोन्ही एकाच कपाटात असतील, तर लेख बाजूला ठेवून आधी तेवढे करा.

मोजलेला प्रत्येक आकडा तारखेसह वहीत लिहा: पीएच आणि मुक्त क्लोरीन रोज, अल्कलिनिटी आठवड्याला, कठीणपणा, स्टॅबिलायझर आणि टीडीएस महिन्याला. आणि आत आलेल्या प्रत्येक टँकरचा कठीणपणा त्याच पानावर. एजन्सीच्या करारातही ही वही लिहिण्याची अट घाला, म्हणजे पुढच्या मेमध्ये कमिटीसमोर बोलायला आकडे असतील.